तापाची ओळ

चैत्रात नवीन वर्षाचं पाणी एकमेकांवर उडवून झालं की आमच्या बेटाभोवती मेकाँग अंग चोरून वाहू लागते. मधली वाळू उघडी पडते. दुपारी हवा अशी थरथरते की पलीकडचं बेट पाण्याला न टेकता जरा वर तरंगताना दिसतं. त्या दिवसांत सगळे घराखाली, खांबांच्या सावलीत झोळ्या बांधून पडलेले असतात. धड झोपलेले नाहीत, धड जागेही नाहीत. कुणी काही विचारलं तर उत्तर येतं, पण बऱ्याच वेळाने, आणि कधीकधी भलत्याच प्रश्नाचं.

अशाच एका दुपारी माझ्या नवऱ्याची, विलायची नाव काठाला लागली आणि तिच्यातून नर्स दाओवोन उतरली. मला चौथा महिना चालू होता, त्यामुळे मला वाटलं ती माझ्यासाठी आली. माझं पोट चाचपून झाल्यावरही ती उठेना. समोर माझे वडील झोळीत होते आणि त्यांच्या पायाशी चटईवर बुआलायमावशी सुपारी कातरत बसली होती. दाओवोनला त्या दोघांशी बोलायचं होतं.

बुआलायमावशी लाम गाते. आमच्याकडचा लाम म्हणजे गाणं आणि बोलणं यांच्या मधलं काहीतरी. नदीसारखा, कुठे वळेल त्याचा नेम नसलेला. आणि माझे वडील, खाम्फुइ, तिच्या मागे खेन वाजवतात. बांबूच्या लांब नळ्यांची जुडी हातात धरून फुंकायची. खेनची एक गंमत आहे, तो श्वास सोडताना वाजतो तसा घेतानाही वाजतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. माझी आई जायच्या आधीपासून ही दोघं जोडीने गात-वाजवत आलेली. आई गेली, मावशीचा नवरा गेला, तेव्हा गावाने त्यांचं लग्न लावून टाकायचा घाट घातला होता. मावशी म्हणाली होती, "चाळीस वर्षं याच्या फुंकीवर गायले, आता स्वयंपाकही याच्या फुंकीवर करू?" विषय तिथेच संपला.

दाओवोन म्हणाली, "मावशी, यंदा पावसाळ्याआधी फ्लूची लस येतेय आपल्याकडे. म्हातारी माणसं, छातीचे आजारी, पोटुशा बाया, यांना आधी. तुम्ही त्यावर एक लाम म्हणायचा. देवळाच्या कर्ण्यावरून. तुमचं लोक ऐकतात."

"माझं? माझं माझी मांजर ऐकत नाही," मावशी म्हणाली. पण ती खूश झाली होती. सुपारी कातरायची थांबली होती.

शब्द तालुक्याहून आले होते. दाओवोनने फोनवर लावून ऐकवले. कुठल्याशा तरुण बाईचा गोड आवाज होता. सुई टोचून घ्या, निश्चिंत व्हा, ना ताप येईल ना दुखेल, आजार उंबरठ्याशीच अडेल, असं काहीतरी. मावशीने मान डोलावली. तिला चाल आत्ताच सापडत होती, बोटं मांडीवर हलत होती.

झोळीतून बाबांचा आवाज आला. "ती मधली ओळ पुन्हा लाव गं."

दाओवोनने लावली.

"ना ताप येईल ना दुखेल," बाबा म्हणाले. "खरं आहे का हे?"

दाओवोनने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "बऱ्याच जणांना काहीच होत नाही."

"बऱ्याच जणांचं नाही विचारलं."

"दंड दुखतो, काका. एखाद-दोन दिवस. कुणाला ताप येतो, अंग मोडून येतं. उतरतो आपोआप."

"मग मी नाही वाजवणार," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

मावशीने अडकित्ता खाली ठेवला. "वाजवणार नाही म्हणजे? तुला काय करायचंय ओळीशी? ओळ माझ्या तोंडातून येणार."

"तुझ्या तोंडातून येते, पण चालते माझ्या श्वासावर. लाम ऐकून ती शेजारची सोमचित सुई घेणार. दुसऱ्या दिवशी तिचं अंग तापणार. मग ती काय सुईला शिव्या घालेल? तुला घालेल. आणि पुढच्या वर्षी तू सूर्य उगवला असं गायलीस तरी दार उघडून बघणार नाही."

आता हे बाबा बोलत होते याचं मला आश्चर्य वाटलं, कारण या घरात फ्लू म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात साधी सर्दी म्हणून सुरू झालेला ताप त्यांच्या छातीत उतरला होता. भर पावसात विलायने प्लास्टिकखाली निजवून त्यांना नदीपार नेलं. इस्पितळातून ते परत आले तेव्हा जिना चढताना तीनदा बसले. खेन खांबाला टांगलेला राहिला; कुंभारमाशीने त्याच्या नळीत मातीचं घर केलं, तरी थंडी सरेपर्यंत त्यांनी तो खाली काढून साफ केला नाही. मी एकदा त्यांना रिकाम्या हातांची ओंजळ तोंडाशी धरून फुंकताना पाहिलं. मला बघून त्यांनी हात धुतल्यासारखे चोळले.

म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नको आहे का लस?"

"मी तसं कुठे म्हटलं," ते म्हणाले. "मला ओळ नकोय."

दाओवोनने पाणी मागितलं. सावकाश प्यायली. ती मूळची नदीपलीकडची, साध्या शेतकऱ्याची मुलगी. बोलताना पदराशी नाही तर हातातल्या पेनाच्या टोपणाशी खेळायची. टोपण लावत-काढत ती म्हणाली, "वरच्यांना भीती वाटते, तापाचं नाव काढलं की लोक यायचेच नाहीत. मलाही वाटते. पण माझ्या आईला टोचताना मी तिला तापाचं सांगितलं होतं. तिला सांगितलं ते तुम्हाला न सांगायला काही कारण नाही. बदला ओळ. वर काय सांगायचं ते मी बघते."

"बदलू काय?" मावशी म्हणाली. "मला ठाऊक आहे का ताप कसा येतो या सुईचा? प्रेमाचं गाते तर प्रेम केलंय. पुराचं गाते तर भात बुडालाय माझा. न टोचून घेता टोचण्याचं गाऊ?"

दोन-चार दिवसांनी लस आधी शेजारच्या बेटावर येणार होती, मग आमच्याकडे. ठरलं ते असं, की तिथे जाऊन आधी मावशी घेईल, मग शब्द बांधेल. बाबा झोळीतून म्हणाले, "बघू." बाबांच्या 'बघू'ला तळ नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा वाळूवरच्या वाफ्यांना पाणी घालायला गेलो. पाणी उतरलं की आम्ही त्या वाळूत शेंगदाणे आणि लांब शेंगा लावतो. पूर आला की नदी वाफे परत घेते. ऊन अजून कोवळं होतं. वाळूवर धुक्याचा पातळ थर होता, आणि त्यातून बाबांचे पाय दिसत नव्हते, नुसते गुडघ्यापासून वरचे बाबा झारी घेऊन हळूहळू सरकत होते.

"तू घेणार का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "माझं एकटीचं असतं तर घेतली असती. पण आता माझ्या अंगात जे जाईल ते त्याच्याही अंगात जाणार. काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? आजार आला तर तो आला. सुई मात्र मी चालत जाऊन घेतलेली असेल."

बाबांनी बराच वेळ पाणी घातलं. मग म्हणाले, "मलाही तेच. आजार चोरासारखा आला, मी काही त्याला बोलावलं नव्हतं. याला दंड पुढे करून बोलवायचं. त्यात पाऊस मागायला बांबूची रॉकेटं सोडायचा उत्सव तोंडावर. दंड दुखला तर खेन धरायचा कशाने? ताप आला, पुन्हा छाती भरली तर?"

"दाओवोन म्हणते छाती नाही भरत. त्यात मेलेलाच जंतू असतो म्हणे."

"म्हणते खरी." ते वाकून शेंगदाण्याच्या वेलाखालची वाळू बोटांनी सारखी करत राहिले. "तुला एक सांगतो. इस्पितळात होतो तेव्हा श्वास आत जायचा, पण पुरायचा नाही. वरवर यायचा आणि परत. नदी पायऱ्यांपर्यंत येते आणि घरात येत नाही तशी. मी मनात एकच म्हणत होतो, हे टळलं असतं तर मी काय वाटेल ते केलं असतं. हात कापून दिला असता. आणि आता कुणी म्हणतंय, हात दोन दिवस दुखव, टळेल कदाचित. तर मी उत्सवाची तारीख बघतोय."

"कदाचित," मी म्हटलं.

"हां. कदाचित. तिथेच तर अडलंय सगळं." ते उभे राहिले. "तू मला विचारू नकोस. मी तुला घे म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही. माझं वजन माझ्या पारड्यात टाकीन. तुझ्यात दोघं आहेत."

त्या संध्याकाळी मी एकटीच दाओवोनला फोन केला. माझ्याजवळ खूप प्रश्न होते, पण तोंडातून एकच निघाला: तू माझ्या जागी असतीस तर? ती म्हणाली, "मी होते, दीदी. मुलगी पोटात असताना मी घेतली. त्या रात्री झोपले नाही, सारखा पोटावर हात. काही झालं नाही. पण मला काही झालं नाही म्हणून तुला होणारच नाही असं मी सांगणार नाही. एवढं सांगते, की पोटुशीला फ्लू झाला तर तो जड जातो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बाळ जन्मल्यावर सहा महिने त्याला ही लस देता येत नाही. तू आता घेतलीस तर तुझ्याकडूनच त्याला थोडं मिळतं. थोडं. भिंत नाही, पण पडदा म्हण."

पडदा हा शब्द मला बरा वाटला. भिंत म्हणाली असती तर मी कदाचित गेले नसते.

शेजारच्या बेटावर आम्ही तिघंही गेलो. नावेत बाबा आणि मी रोजच्याच कपड्यांत होतो. मावशीने मात्र केसांत चाफा खोवला होता. "कशाला गं?" मी विचारलं. म्हणाली, "कुणी पहिल्यांदा टोचणार आहे, जरा बरं दिसावं."

देवळाच्या मोकळ्या सभामंडपात बर्फाची पेटी ठेवली होती. दाओवोनने प्रत्येकाला विचारलं, आत्ता ताप आहे का, आधी कधी लस घेऊन अंगावर गांधी उठल्यात का, श्वास कोंडलाय का. मग टोचलं. मुंगी चावावी तेवढंच. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं होतं.

"हे का?" बाबांनी विचारलं.

"फार क्वचित एखाद्याचा चेहरा सुजतो, दम लागतो. तसं झालं तर माझ्याजवळ औषध आहे. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर बसायचं."

"हे पण ओळीत घाल," बाबा मावशीला म्हणाले.

"सगळं ओळीत घातलं तर लाम दुसऱ्या उत्सवापर्यंत चालेल," मावशी म्हणाली, पण तिचे ओठ हलत होते. आम्ही तिघं थंड फरशीवर भिंतीला टेकून बसलो. बाहेर उन्हात भिक्खूंची भगवी वस्त्रं वाळत होती आणि वाऱ्याने एक-एक करून फुगत होती, जणू आत कुणीतरी येऊन बसत होतं आणि निघून जात होतं. मी पोटावर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले होते. पण ते झोपले नव्हते, श्वास मोजत होते, हे त्यांच्या नाकपुड्यांवरून मला कळत होतं. मावशीने त्यांच्याकडे बघितलं, आणि चेष्टा करायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मला नुसता दंड दुखला. त्या कुशीवर निजता आलं नाही, एवढंच. मावशीला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरातरा आमच्या अंगणात आली आणि तक्रार केली, "माझ्याकडे तर त्या सुईचं लक्षच गेलेलं नाही. ना दुखतंय, ना खाजतंय. आता मी गाऊ काय?"

ताप बाबांना आला.

दुपारपर्यंत अंग चांगलंच तापलं. ते घराखाली झोळीत होते, दातांवर दात वाजत होते, आणि बाहेर एवढं ऊन की कोंबड्याही खांबांमागे उभ्या. मी घाबरले. गेल्या पावसाळ्यात पहिल्या दुपारी ते असेच कुडकुडत होते. मी दाओवोनला फोन लावला. तिने विचारलं, खोकला आहे का, दम लागतोय का, जीभ-ओठ सुजलेत का. काहीच नव्हतं. तापाची गोळी द्या, पाणी पाजा, उद्या संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर मी येते, म्हणाली. मी गोळी दिली. मावशी त्यांच्याजवळ बसून राहिली. एका हाताने ती झोळी झुलवत होती, एखाद्या तान्ह्याला झुलवावी तशी, आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

बाबा तापात बोलत होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं, की त्यांना दिसलं, नदी आटून तळाला गेलीय आणि तळात बांबूचं बन आहे. प्रत्येक बांबूतून कुणीतरी श्वास घेतंय. ते एकेका बांबूला कान लावत चालले होते. एकात माझी आई होती, भात पाखडताना घ्यायची तसा आखूड श्वास घेत. एकात पाऊस होता. एकात इतकं लहान काहीतरी श्वास घेत होतं की कान लावल्यावर ते लाजून थांबलं. त्यांना स्वतःचा बांबू सापडत नव्हता. ते घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ते चालतायत त्या अर्थी कुठेतरी तो वाजत असणारच, आणि ते वाळूवर बसून राहिले.

तिन्हीसांजेला घाम सुटला आणि ताप उतरला. बाबांनी पेज मागितली. मावशी उठली, पांढऱ्या सुताचा दोरा घेऊन आली आणि त्यांच्या मनगटाला बांधू लागली. आमच्याकडे माणूस हादरला, आजारी पडला, की त्याच्या अंगात राहणारे कितीतरी जीव इकडेतिकडे भटकतात; त्यांना हाका मारून परत बोलवावं लागतं आणि दोऱ्याने बांधावं लागतं. मावशी हळू आवाजात हाका मारत होती: या रे, वाळूवर बसलेले असाल तर या, बांबूच्या बनात असाल तर या, पेज निवतेय.

"सुईच्या तापालाही दोरा लागतो का?" मी विचारलं.

"ताप कुठून आला ते जिवांना काय माहीत," ती म्हणाली. "ते आपले पळतात." आणि मग बाबांना, "तुझ्या जिवांत एक तरी धड आहे का? सगळे भित्रे."

"तुझे पळतही नाहीत," बाबा म्हणाले. "जागेवरून हलायचा आळस." त्यांचा आवाज बारीक होता, पण साफ होता. त्यांनी खांबावरचा खेन मागितला आणि अगदी हलकेच, नुसता श्वास घेत एक सूर काढला. मग सोडत. ते थांबले आणि ऐकत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणी वाजवला होता.

लाम झाला तो त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळच्या भिक्षेनंतर, देवळाच्या कर्ण्यावरून. मी घरीच भात वाफवत होते. वाफेआडून तो आवाज आला, नदीवरून जाऊन परत आल्यासारखा. मावशी गायली:

"बायांनो, काठावरच्या बायांनो, मी गोड बोलायला आले नाही.
दंड दुखेल, त्या कुशीवर स्वप्नं पडायची नाहीत.
अंग तापेल एखाद्याचं, उन्हात पालथ्या घातलेल्या होडीसारखं;
खाम्फुइचं तापलं, मी बसले होते उशाशी, सांजेला निवलं.
घटकाभर बसा सुईवालीच्या नजरेखाली, लाखात एखाद्याचा चेहरा सुजतो,
तो तुमचा नसेल, पण बसा.
आणि आजार येणारच नाही असं मी म्हणणार नाही.
येईल कदाचित. पायऱ्यांशी येईल.
घरात शिरून चुलीजवळ बसू नये, एवढ्यासाठी हे सगळं."

खेन तिच्या मागे-मागे चालला होता. एका ठिकाणी, तापाच्या ओळीवर, तो जरा थांबला आणि खोल श्वास घेऊन पुन्हा निघाला. मला वाटतं ते बाबांनी मुद्दाम केलं नव्हतं.

सगळं गाव लोटलं असं काही झालं नाही. काही आले, काही नाही. सोमचित आली आणि टोचून घेतल्यावर पूर्ण वेळ मावशीकडे टक लावून बसली. काठावरचे दोन म्हातारे म्हणाले, तापाचं एवढं सांगितलंत, आम्ही नाही येत. दाओवोनचा चेहरा उतरला. "वरचे म्हणतच होते," ती पुटपुटली. बाबा तिला म्हणाले, "ते यायचे नव्हतेच. पण आता न येण्याचं कारण तरी खरं आहे." दाओवोनला ते पटलं की नाही मला माहीत नाही. तिने बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं आणि परत उघडून उरलेल्या कुप्या बघितल्या.

पाऊस आला, नदी वाळूवर चढली, वाफे गेले. श्रावण-भादव्याच्या सुमाराला फ्लू बेटावर उतरला. यंदाही घराघरांतून खोकले ऐकू येत होते. पावसाच्या आवाजात ते दुरून बेडकांसारखे वाटत. न आलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला काहीच झालं नाही. दुसऱ्याला नदीपार न्यावं लागलं. तो महिनाभराने परत आला, बारीक होऊन. सोमचितला टोचूनही ताप आला, चार दिवस पडून होती. बरी झाल्यावर ती मावशीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आला की मला," ती म्हणाली.

"येईल म्हटलं होतं," मावशी म्हणाली.

"म्हटलं होतंस, म्हणून तर भांडायला काही उरलं नाही." आणि ती आत येऊन पान खात बसली.

बाबांना काही झालं नाही. नुसतं पडसं-खोकला, तेही दोन-तीन दिवस. ते लसीमुळे की नशिबामुळे, की यंदा फ्लू त्यांच्याकडे आलाच नाही म्हणून, कोण सांगणार. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "न घेतलेला रस्ता कुठे जात होता ते कळत नाही, पोरी. मला एवढंच कळतं की यंदा पावसात मी झोपलो."

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपायला आला, नदी पुरती भरली होती, तेव्हा माझी मुलगी झाली. नदीपारच्या इस्पितळात झाली आणि आठवड्याच्या आत आम्ही घरी आलो. आमच्या रीतीप्रमाणे मी निखाऱ्यांच्या शेगडीजवळ पडून होते, ऊन-ऊन पाणी पीत, घामाने भिजलेली, दिवसाचा कुठला प्रहर आहे हे न कळता. मुलगी माझ्या कुशीत. तिच्या श्वासाचा आवाज इतका लहान होता की तो ऐकायला मला माझा थांबवावा लागायचा.

मावशी आली, पण जिना चढली नाही. तिला शेवटी गाठलं होतं फ्लूने. खोकला होता, नाक वाहत होतं. बाबा वरून म्हणाले, "ये की वर, बाळ बघ."

"वेडा आहेस का? या घशाने? तिला अजून सुई नाही, काही नाही." ती घराखाली ठेवलेल्या हातमागाच्या शेजारी बसली. फळ्यांच्या फटीतून मला तिच्या केसांची पांढरी रेघ दिसत होती. "मी इथूनच बघते."

"फळीतून काय दिसणार तुला?"

"ऐकून बघते. रडव जरा तिला."

मुलगी रडायला तयार नव्हती. बाबांनी खेन काढला, मग माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि जिना उतरून खाली गेले. काही वेळ खाली नुसतं खोकणं आणि खुसखुस चालली होती. मावशी त्यांना सांगत होती, तोंड तिकडे कर, माझ्या अंगावर फुंकू नकोस, उगाच माझा खोकला घेऊन वर जाशील. बाबा म्हणाले, मी तुझ्यापासून हातभर लांब बसतोय, चाळीस वर्षं बसतोय तसाच.

मग फळ्यांच्या फटींतून सूर वर यायला लागला. मावशीचा आवाज बसलेला होता, शब्द नव्हते, नुसती चाल होती, मध्येच तुटणारी. तुटायची तिथे खेन तिला उचलून पुढे न्यायचा. निखाऱ्यांच्या उबेबरोबर तो सूर चटईतून, माझ्या पाठीतून वर येत होता. मुलीने डोळे उघडले. ते कशावरच टेकलेले नव्हते. ती तशीच, न रडता, खालून येणाऱ्या त्या आवाजाकडे तोंड वळवून पडून राहिली, आणि थोड्या वेळाने मलाही झोप लागली.